रायफलीच्या गोळीनं विमान पडतं का? बांबोळीच्या एका आठवणीच्या निमित्तानं

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत एका आजोबांनी गोवा मुक्तीची आठवण सांगितली. त्यांचं लहानपण बांबोळीच्या आसपास गेलं. पुढे नोकरीसाठी बेळगावात आले ते इथलेच झाले. १८ डिसेंबर १९६१ रोजी ते दहा वर्षांचे होते. "पाखल्यांनी बंदुका आभाळाकडं करून झाडल्या. एक विमान धूर सोडत खाली आलं आणि टेकाडाआड पडलं. मी डोळ्यांनी बघितलंय," असं ते म्हणाले. दोघं-तिघं हसले. कोणीतरी "रायफलीनं कुठं जेट पडतं होय?" असंही म्हणालं. आजोबा मग शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

मला ते बरं वाटलं नाही. माझी उमेद यंत्रांच्या कारखान्यात गेली, इतिहास नंतर लागला. म्हणून प्रश्न दोन भागांत केला. रायफलीनं विमान पडू शकतं का? आणि त्या दिवशी पडलं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पडतं, आणि पडलेली आहेत. पहिल्या महायुद्धातला जर्मनांचा नामवंत वैमानिक रिश्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीजवळ मेला तो एका गोळीनं. ती साधी .३०३ ची होती आणि जमिनीवरून आली होती, असं बहुतेक अभ्यासक आज मानतात. त्याचं विमान फारसं मोडलंच नव्हतं. विमान पाडायला विमान मोडावं लागत नाही. वैमानिक, इंधनाची नळी, तेलाची नळी, सुकाणूची तार, यातलं एक गेलं तरी पुरतं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरला एक भोक पडलं, तर काही मिनिटांत इंजिन तापून जाम होतं. मोटार चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग अडतं कुठं? नेमात. थोडा हिशेब करू. रायफलीची गोळी सुटताना सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगानं जाते, पण हवेनं मंदावते. ५०० मीटर जायला तिला साधारण पाऊण सेकंद लागतो. ताशी ७४० किलोमीटरनं जाणारं हंटर जेट तेवढ्यात दीडशे मीटर पुढं गेलेलं असतं. हंटरची लांबी १४ मीटर. म्हणजे विमानावर नेम धरला तर गोळी दहा विमानं मागं जाते. एकट्या शिपायाला हे साधणं जवळजवळ अशक्य. म्हणून सैन्यात शिकवतात ते वेगळंच. सगळ्यांनी मिळून विमानाच्या पुढच्या एकाच जागेवर गोळ्यांचा पडदा टाकायचा आणि विमानाला त्यातून जाऊ द्यायचं. विमान सरळ आपल्याच अंगावर येत असेल तर पुढं नेम धरायची गरज बरीच कमी होते. जमिनीवरच्या लक्ष्यावर रॉकेट मारायला आलेल्या वैमानिकाला नेमका तोच क्षण धोक्याचा.

वेग कमी झाला की गणित पालटतं. २ जानेवारी १९६३ रोजी दक्षिण व्हिएतनामात आप बाक इथं १५ अमेरिकन हेलिकॉप्टरं सैनिक उतरवायला आली. समोर होत्या रायफली आणि मशीनगन, विमानविरोधी तोफ नव्हती. १५ पैकी १४ ना गोळ्या लागल्या, ५ गमावली. व्हिएतकाँगचे शिपाई पुढं किती नेम धरायचा याचा सराव बांबूला लावलेल्या पुठ्ठ्याच्या विमानांवर करत असत. म्हणजे आपण वर केला तोच हिशेब, वहीशिवाय.

यावर उपाय चिलखत. पण ते लावायचं कुठं? सगळीकडं लावलं तर विमान उडणारच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हा प्रश्न अब्राहम वाल्ड या गणितज्ञाकडं गेला. परत आलेल्या विमानांच्या पंखांना, धडाला भोकं पुष्कळ, इंजिनाला कमी. वाल्डनं दाखवलं की इंजिनाला गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत, म्हणून ती मोजणीत नाहीत. जपायचं ते इंजिन. हा माणूस १९५० च्या डिसेंबरात भारतात व्याख्यानं द्यायला आला होता आणि निलगिरीत विमान अपघातातच गेला.

चिलखतानंही काम भागतंच असं नाही. मार्च २००३ मध्ये इराकमध्ये करबलाजवळ तीसेक अपाची हेलिकॉप्टरं हल्ल्याला गेली. रायफलींपासून हलक्या तोफांपर्यंत सगळ्यांनी खालून मारा केला. पडलं एकच, पण बाकीची बहुतेक भोकं घेऊन परतली आणि हल्ला फसला.

आता बांबोळी. गोव्याच्या मोहिमेत पुणे आणि आपलं सांबरा हे हवाई दलाचे मुख्य तळ होते. त्या दिवशी सकाळी १२ कॅनबेरा विमानांनी दाभोळीची धावपट्टी फोडली, आणि ६ हंटरनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेटं आणि तोफा डागल्या. पोर्तुगीजांची विमानविरोधी व्यवस्था नावालाच होती. या मोहिमेत जमिनीवरच्या गोळीबारानं भारताचं एकही विमान पडलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे.

मग आजोबांनी पाहिलं ते काय? हंटर सूर मारून खाली येतं. रॉकेट सुटलं की मागं धुराची शेपटी राहते, नाकाखालच्या चार तोफाही धूर सोडतात. मारा झाला की वैमानिक खालच्या खालीच निसटतो, कारण जमिनीलगत तो बंदूकवाल्याला क्षणभरच दिसतो. टेकडीमागं विमान दिसेनासं होतं आणि पाठोपाठ स्फोटाचा आवाज येतो. धूर, खाली येणं, नाहीसं होणं, धडाका हे सगळं दहा वर्षांच्या मुलानं बरोबर पाहिलं आणि बरोबर क्रमानं साठ वर्षं लक्षात ठेवलं. चुकला तो फक्त शेवटचा अर्थ. तो तर तिथं बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाचाही चुकला असता.

हे मी त्यांच्या घरी जाऊन, वहीवर आकृती काढून सांगितलं. ते बराच वेळ आकृती बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो."

"नाही आजोबा," म्हटलं. आता त्यांची आठवण मंडळाच्या दप्तरात त्यांच्याच शब्दांत नोंदवली आहे, खाली माझी टीप आहे. सांबऱ्याच्या आसपास त्या दिवसांत ज्यांनी विमानं चढता-उतरताना पाहिली, त्यांनीही जरूर कळवावं. काय झालं असेल ते नंतर बघू. आधी काय दिसलं, कुठल्या दिशेला, आणि आवाज आधी आला की नंतर, एवढंच सांगा. हसणार कोणी नाही.