गव्हाणीत उरलेली चिपाडं

सोलापूरकडच्या आमच्या गावी आजोबा तिन्हीसांजेला कडब्याची पेंढी सोडून बैलांपुढे टाकायचे. सकाळी पाहावं तर पाला आणि शेंडे फस्त, गव्हाणीत नुसते जाडजूड बुडखे उरलेले. मी एकदा विचारलं, "आबा, हे का खात नाहीत?" आबा म्हणाले, "त्यात कस न्हाई रं पोरा. नुसतं लाकूड हाय त्ये." मग ती चिपाडं आजीच्या चुलीत जायची.

आबांच्या त्या उत्तरात केवढं शास्त्र होतं, ते पुढे वनस्पतिशास्त्र वाचताना कळलं. त्या 'लाकडा'चं नाव लिग्निन. लॅटिन भाषेत 'लिग्नम' म्हणजे लाकूडच!

ज्वारी हे खरं तर गवत. गहू, भात, ऊस, बांबू हीही सारी गवतंच. कोवळ्या ताटाच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजसारख्या शर्करांच्या साखळ्यांनी विणलेल्या असतात. पेशीची वाढ थांबली, की या विणीत लिग्निन भरलं जातं. सळयांच्या जाळीत सिमेंट ओतावं तसं. म्हणून शेंडा मऊ आणि जुना बुडखा टणक. बैलाच्या पोटातले जिवाणू सेल्युलोज पचवू शकतात. पण लिग्निन त्यांना फुटत नाही, आणि त्यात अडकलेलं सेल्युलोजही हाती लागत नाही.

हे सिमेंट बनवण्याची गवतांची रीत मात्र न्यारी आहे. बहुतेक झाडं फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून सुरुवात करतात. एक विकर त्यातला अमोनिया काढतं, दुसरं त्याला ऑक्सिजनची जोड देतं, आणि पुढच्या पायऱ्या सुरू होतात. गवतांपाशी असं एक विकर आहे, की ते टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्लही वापरू शकतं. टायरोसिनमध्ये ऑक्सिजनची ती जोड आधीच असते. म्हणजे एक पायरी वाचली! अमेरिकेतल्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली ब्रॅकिपोडियम नावाच्या छोट्या गवतावर काम करून दाखवलं, की त्यातलं जवळजवळ निम्मं लिग्निन या आडवाटेनं येतं.

मग हे लिग्निन कमीच केलं तर? निसर्गानं ते करून पाहिलं आहे. 1924 साली अमेरिकेत मिनेसोटा इथे मक्याची काही झाडं अशी सापडली, की त्यांच्या पानांची मधली शीर तपकिरी होती. त्यांच्यात लिग्निन कमी भरलं आणि वैरण जास्त पचू लागली. 1978 साली पर्ड्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी रसायनांच्या साहाय्यानं ज्वारीतही अशी झाडं मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. पण यातल्या काही वाणांचं उत्पादन घटतं, आणि काही वाऱ्यापावसात लोळतात.

हा पेच ज्वारी पिकवणाऱ्याला नव्यानं सांगायला नको. आमच्याकडे मालदांडी पेरताना डोळ्यांपुढे भाकरी जेवढी असते, तेवढाच कडबाही असतो. कणीस तोलायला ताट ताठ हवं. बैलाला पचायला तेच मऊ हवं.

1972 च्या दुष्काळात आमच्या गव्हाणीत सकाळी काहीच उरत नसे. बैल बुडखेही चावून चावून खात. पोटं भरलेली दिसत, तरी दिवसागणिक बरगड्या वर येत होत्या. आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत गप्प उभे राहायचे. भरल्या पोटीही जनावर उपाशी राहतं, हे मी तेव्हा पाहिलं. त्याचं कारण मात्र फार उशिरा कळलं.

आता गावी गेलो, की उभ्या ज्वारीत क्षणभर थांबतो. वारा येतो, ताटं वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. आबांचं ते 'नुसतं लाकूड' आपलं काम करत असतं.