असमान आयुर्मान आणि वितरणात्मक न्याय : वृद्धापकाळ योजनांतील वयोमर्यादेचा विचार

प्रस्तावना : कल्याणकारी योजनांत वय ही तटस्थ कसोटी मानली जाते. मात्र समाजघटकांचे आयुर्मान असमान असताना एकच वयोमर्यादा न्याय्य ठरते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वस्तुस्थिती : 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे, सुरगाणा व पेठ हे तालुके आदिवासीबहुल आहेत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 2018 मधील अहवालात देशातील आदिवासींचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान 63.9 वर्षे, तर सर्वसाधारण लोकसंख्येचे 67 वर्षे नमूद आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेसाठी किमान वय 65 वर्षे आहे. 2023 मध्ये तिचे मासिक साहाय्य 1,500 रुपये झाले. या दराने पासष्टीनंतर दोन वर्षे जगणाऱ्यास 36 हजार, तर पंधरा वर्षे जगणाऱ्यास 2 लाख 70 हजार रुपये मिळतात.

तात्त्विक बाजू : अॅलन विल्यम्स या अर्थतज्ज्ञांनी 1997 मध्ये 'न्याय्य डावा'ची संकल्पना विस्ताराने मांडली. प्रत्येकास आयुष्याचा वाजवी डाव खेळावयास मिळावा आणि ज्यांचा डाव लवकर आटोपतो त्यांना अग्रक्रम मिळावा, असे तिचे सार आहे. तथापि केवळ मिळालेल्या रकमेची बेरीज करणे पुरेसे नाही. निवृत्तिवेतन हे दीर्घायुष्यात निराधार होण्यापासूनचे संरक्षण आहे. अधिक काळ जगणाऱ्याची गरजही अधिक काळ टिकते. स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असते, म्हणून त्यांचा वाटा कमी करणे कोणी न्याय्य मानणार नाही.

उपायांची मर्यादा : झारखंडने 2024 मध्ये आदिवासी व दलितांसाठी निवृत्तिवेतनाचे वय 60 वरून 50 वर आणले. कष्टाच्या कामाने शरीर लवकर थकते, हे वास्तव त्यामुळे धोरणात मान्य झाले. परंतु जन्मवेळचे आयुर्मान घटण्यामागे बालमृत्यूंचाही वाटा असतो. बालपणीच दगावलेल्यास कोणतीही वयोमर्यादा न्याय देऊ शकत नाही.

निष्कर्ष : वयोमर्यादा ठरविताना कॅलेंडरच्या वर्षांइतकेच श्रमक्षमता संपण्याचे वय विचारात घेणे आवश्यक आहे. मात्र आयुर्मानातील विषमतेची खरी भरपाई निवृत्तिवेतनाने होत नाही. ती पोषण, प्रसूतिसेवा व प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील खर्चाने होते. म्हणून वितरणाचा न्याय उतारवयापासून नव्हे, तर जन्मापासून मोजला पाहिजे.