बर्फपेटी (मासळी वाहतूक)

बर्फपेटी ही बाहेरील उष्णता आत येऊ नये अशा रीतीने बांधलेली व बर्फाच्या साहाय्याने आतील जिन्नस थंड ठेवणारी पेटी होय. तिला वीज किंवा इंधन लागत नाही. शीतकपाट उष्णता बाहेर फेकते. बर्फपेटी ती आत येण्याचा वेग कमी करते आणि आत आलेली उष्णता वितळणाऱ्या बर्फात जिरवते. महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यात सायकल, मोटारसायकल, तीनचाकी मालवाहू गाडी किंवा लहान जोडगाडी यांवर बसवलेली बर्फपेटी मुख्यतः गोड्या पाण्यातील मासळीच्या वाहतुकीशी निगडित आहे. सहलीच्या छोट्या निवासी जोडगाडीत बांधण्यात येणारी बर्फपेटी रचनेने हिच्यासारखीच असते.

पार्श्वभूमी

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाने सिंचनासाठी बांधलेले व पुढे माजी मालगुजारी (मामा) तलाव या नावाने रूढ झालेले असंख्य तलाव साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी आदी तालुक्यांत आहेत. त्यांच्या जोडीला वैनगंगा नदी आणि पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाचा जलाशय आहे. रोहू, कटला, मृगळ, मरळ आणि झिंगे ही येथील बाजारात येणारी नेहमीची मासळी. मासेमारी प्रामुख्याने ढिवर, भोई व कहार समाज करतात. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. गावोगावच्या किरकोळ विक्रीत स्त्रियांचा वाटा मोठा असतो.

धानाला पाणी सोडल्यानंतर तलाव उन्हाळ्याकडे आटू लागतात. पाणी कमी झाले की जाळे ओढणे सोपे होते, म्हणून मासळीची मोठी काढणी नेमकी याच काळात होते. पूर्व विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. म्हणजे मासळी जेव्हा सर्वाधिक निघते, तेव्हाच ती सर्वांत लवकर नासते. ३० अंश तापमानात उघडी ठेवलेली रोहूसारखी मासळी काही तासांतच खराब होऊ लागते; काढल्याबरोबर बर्फात ठेवलेली तीच मासळी साधारण दोन आठवडे खाण्यायोग्य राहू शकते. बर्फ नसेल तर मच्छीमाराला तलावाच्या पाळीवर आलेल्या व्यापाऱ्याचा भाव मान्य करावा लागतो, आणि डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या विक्रेत्या बाईला दुपारपूर्वी मिळेल त्या किमतीला माल संपवावा लागतो. बर्फपेटीमुळे भाव वाढतोच असे नाही, पण थांबण्याची सोय होते. भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या बाजारापर्यंत माल स्वतः नेणेही त्यामुळे शक्य होते.

इतिहास

बर्फ भुशात राखण्याची पद्धत जुनी आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथून नैसर्गिक बर्फ जहाजाने कोलकात्यास आला. सुमारे चार महिन्यांच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या त्या प्रवासात बर्फाभोवती उष्णतारोधक थर होता व निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत पोहोचला. पुढे मुंबई व चेन्नई येथेही असा बर्फ साठवण्यासाठी बर्फघरे उभी राहिली. चेन्नईचे बर्फघर आजही उभे आहे. बर्फाच्या लादीवर भुसा टाकून ती गोणपाटात गुंडाळण्याची रीत याच तत्त्वावर चालते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने चहाच्या जुन्या प्लायवूड पेट्यांना आतून थर्माकोल लावून मासळीच्या स्वस्त पेट्या तयार करण्याची पद्धत विकसित केली.

तत्त्व

शून्य अंशावरील १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान शून्यावरच राहते. बर्फपेटीचे सारे सामर्थ्य याच गुणात आहे. मासळीची विशिष्ट उष्णता प्रतिकिलो प्रतिअंश सुमारे ३.६ किलोज्यूल धरल्यास ३२ अंशांवरील ३० किलो मासळी शून्यापर्यंत आणण्यास साधारण साडेदहा किलो बर्फ लागतो. हा खर्च पेटी कितीही चांगली असली तरी टळत नाही.

दुसरा खर्च भिंतींतून येणाऱ्या उष्णतेचा असतो, आणि तो बांधणीवर अवलंबून असतो. आतून ६० × ४० × ४० सेंटिमीटर मापाच्या पेटीचे आतील पृष्ठफळ १.२८ चौरस मीटर भरते. तिला ५ सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम असेल व बाहेर ४२ अंश तापमान असेल, तर भिंतींतून सुमारे २७ वॅट उष्णता आत येते. २४ तासांत त्यापायी ७ किलोंच्या आसपास बर्फ वितळतो. तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलमध्ये हा आकडा १० किलोंजवळ जातो. फोमची जाडी निम्मी केल्यास तो १४ किलो होतो. कडा, सांधे व वारंवार उघडले जाणारे झाकण यांमुळे प्रत्यक्षातील नुकसान याहून अधिक असते. म्हणूनच उष्ण प्रदेशात मासळी व बर्फ यांचे वजन समसमान घेण्याचा सल्ला दिला जातो.

भंडाऱ्यात धानाच्या गिरण्यांमुळे तूस मुबलक मिळतो. कोरडा तूस चांगला उष्णतारोधक आहे. मात्र फोमइतका परिणाम साधण्यास त्याचा थर दुपटीहून जाड लागतो, तो हादऱ्यांनी खाली बसतो आणि ओला झाल्यावर निरुपयोगी ठरतो. एका जागी ठेवलेल्या साठवण पेटीस तो पुरेसा आहे, धावत्या गाडीस नाही.

बांधणी

गाडीवर कायम बसवायच्या पेटीत बाहेरून आत असे तीन भाग असतात: बाहेरचे कवच, उष्णतारोधक थर आणि आतील अस्तर. कवच जस्तलेपित पत्र्याचे, फायबरचे किंवा जलरोधक प्लायवूडचे करतात. त्याला पांढरा रंग दिल्यास उन्हात ते कमी तापते. गडद रंगाचा पत्रा भर दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक गरम होतो आणि वरचे हिशेब कोलमडतात.

फोम दोन प्रकारे भरता येतो. तयार तक्ते कापून बसवताना ते दोन थरांत, वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येणार नाही असे लावतात. दुसऱ्या पद्धतीत कवच व अस्तर यांमधील पोकळीत दोन द्रव रसायने मिसळून ओततात. मिश्रण फुगून पोकळी भरते. या पद्धतीत फटी राहत नाहीत, पण फुगणाऱ्या फोमचा दाब मोठा असल्याने भिंतींना आतून-बाहेरून आधार द्यावा लागतो, अन्यथा अस्तर वाकते. ही रसायने श्वसनास व त्वचेस अपायकारक असल्याने काम मोकळ्या हवेत, मुखपट्टी व हातमोजे वापरून करतात.

आतील अस्तर फायबर, प्लास्टिक किंवा गंजरोधक पोलादाचे असते. मासळीच्या पेटीत कोपरे गोलसर ठेवले तर चिकट पाणी व खवले अडकत नाहीत. कवच आणि अस्तर यांना आरपार जोडणारा एकही धातूचा स्क्रू किंवा पट्टी असू नये. धातूतून उष्णता फोमच्या शेकडो पटींनी सहज वाहते व अशा प्रत्येक ठिकाणी बाहेरून दव जमते.

हौशी कारागिरांकडून सर्वाधिक चुकणारी गोष्ट बाष्परोधाची आहे. हवेतील बाष्प उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे सरकते. त्यामुळे बाष्परोधक पडदा फोमच्या बाहेरील बाजूस हवा. तो केवळ आत लावला, तर बाष्प फोममध्ये शिरून पाण्यात रूपांतरित होते व बाहेर पडण्यास वाट उरत नाही. पावसाळ्याच्या एक-दोन हंगामांत अशी पेटी जड होते आणि बर्फ टिकेनासा होतो. दोष मात्र बर्फाला दिला जातो.

झाकण वरून उघडणारे असावे. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती पेटीतच राहते. बाजूच्या दारातून ती खाली सांडते. झाकणाखाली रबरी पट्टी व ती घट्ट दाबणारी खिटी आवश्यक असते. वितळलेले पाणी काढण्यासाठी तळाला एका कोपऱ्याकडे उतार देऊन नळी बसवतात. नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक दिल्यास त्यात साचलेले पाणी बाहेरची उष्ण हवा रोखते. मासळी या पाण्यात बुडून राहू नये म्हणून तळाशी जाळीचा पाट ठेवतात.

भरलेली पेटी जड असते, त्यामुळे तिची जागा गाडीच्या तोलावर परिणाम करते. एका आसाच्या जोडगाडीत ती आसाच्या किंचित पुढे बसवतात; मागे बसवल्यास जोडगाडी वेगात डोलू लागते. पेटीखाली रबरी ठोकळे व हवेसाठी थोडी मोकळी जागा ठेवतात, आणि ती इंजिन किंवा धुराड्याजवळ येणार नाही याची काळजी घेतात.

वापर

लादी सावकाश वितळते, पण मासळीला तिचा स्पर्श थोड्याच ठिकाणी होतो. फोडलेला बर्फ लवकर गारवा देतो. त्यामुळे तळाशी, मासळीच्या दोन थरांमध्ये आणि सर्वांत वर बारीक फोडलेला बर्फ पसरतात. मासळी भरण्यापूर्वी थोडा बर्फ टाकून पेटी आधीच थंड करून घेतली तर मुख्य बर्फ वाचतो. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा लागतो. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा करण्याचा नियम आहे. रोज रिकामी करून धुतली नाही तर पेटीच दुर्गंधीचे व जंतूंचे घर बनते.

निवासी जोडगाडीत मासळीऐवजी दूध, भाजी व पाणी असते आणि पेटी वारंवार उघडली जाते, म्हणून तेथे लादी किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोयीच्या ठरतात. निचऱ्याची नळी गाडीच्या तळातून बाहेर काढतात. कोरडा बर्फ मात्र झोपण्याच्या बंद जागेतील पेटीत वापरू नये; त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू तळाशी साचून गुदमरण्याचा धोका असतो.

शासकीय साहाय्य

केंद्र शासनाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह सायकल, मोटारसायकल व तीनचाकी वाहन, तसेच उष्णतारोधक मोठे वाहन या बाबींचा समावेश आहे. बर्फपेटीसह मोटारसायकलसाठी ७५,००० रुपये प्रकल्प किंमत धरलेली असून सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान देय आहे. उर्वरित रक्कम लाभार्थ्याला उभारावी लागते. बर्फाचा रोजचा खर्च या किमतीत धरलेला नाही, आणि बर्फाच्या कारखान्यापासून दूर असलेल्या तलावांवर तो खर्चच पेटी वापरात राहते की घरात धान्य साठवण्याच्या कामी येते हे ठरवतो.