लघुग्रहांचे नामकरण : वेध, गणित आणि गौरव

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील प्रदेशात प्रामुख्याने भ्रमण करणाऱ्या लहान ग्रहगोलांना लघुग्रह असे म्हणतात. आकाशातील अन्य ज्योतींच्या मानाने या वर्गाचे एक वैशिष्ट्य आहे. ताऱ्याला बहुधा सूचीतील क्रमांकावर समाधान मानावे लागते, धूमकेतूला शोधकाचेच नाव चिकटते. लघुग्रहाच्या बाबतीत मात्र शोधकाला दुसऱ्या कोणाचे तरी नाव सुचविता येते. यामुळे लघुग्रहांची नामावली म्हणजे केवळ हौसेचा व मर्जीचा मामला होय, असा समज सहज होतो. वस्तुतः नाव हा यातील शेवटचा संस्कार आहे. त्यापूर्वी वेध व गणित यांचे जे काम पुरे व्हावे लागते त्याच्या आधारावर नाव टिकते. इतकेच नव्हे, तर कोणाचा गौरव व्हावा हेही ते काम कोणी केले यावरून बव्हंशी ठरत आलेले आहे.

नामकरणाचा पहिलाच प्रसंग या दृष्टीने बोधक आहे. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथील वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झी यांना पहिला लघुग्रह आढळला. त्यांनी त्याचे नाव 'सेरेस फर्डिनांडेआ' असे ठेवले. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता, आणि फर्डिनांड हा तेथील राजा, म्हणजेच वेधशाळेचा आश्रयदाता. इतर देशांतील ज्योतिर्विदांनी देवता स्वीकारली आणि राजा गाळून टाकला. पुढील काही दशके रोमन व ग्रीक पुराणांतील देवतांचीच नावे देण्याचा प्रघात राहिला. पॅलस, जूनो, व्हेस्टा ही त्यांतील आरंभीची होत.

राजा मागल्या दाराने पुन्हा आत आला तो १८५० मध्ये. लंडन येथे जॉन रसेल हिंड यांनी शोधलेल्या बाराव्या लघुग्रहाला 'व्हिक्टोरिया' हे नाव दिले. व्हिक्टोरिया ही रोमनांची विजयदेवता खरी, परंतु त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर कोण होते हे कोणी विसरले नव्हते. अमेरिकेतील एका ज्योतिषविषयक नियतकालिकाचे संपादक बेंजामिन गुल्ड यांनी 'क्लिओ' हे पर्यायी नाव वापरण्याचा आग्रह धरला. वाद अखेर व्हिक्टोरियाच्या बाजूने मिटला आणि क्लिओ हे नाव १८६५ मध्ये सापडलेल्या ८४ व्या लघुग्रहाकडे गेले. यानंतर देवतेचा आडपडदाही उरला नाही. व्यवसायाने चित्रकार असलेले हेर्मान गोल्डश्मिट यांनी १८५७ मध्ये पॅरिस येथे शोधलेल्या ४५ व्या लघुग्रहाला तिसऱ्या नेपोलियनची सम्राज्ञी युजेनी हिचे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांचा गौरव केला. मात्र नाव ठेवले 'अलेक्झांड्रा'. लघुग्रहाचे नाव स्त्रीलिंगीच असावे हा संकेत इतका दृढ होता, की पुरुषाचे नाव स्त्रीप्रत्यय लावल्यावाचून स्वीकारले जात नसे. सूर्यापासून शनीपर्यंत सर्व ग्रहांना पुरुष मानणाऱ्या आपल्या परंपरेतील वाचकाला हा संकेत चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. १८९८ मध्ये सापडलेल्या ४३३ व्या लघुग्रहाची कक्षा मंगळाच्या कक्षेच्या आत शिरते असे दिसून आले, तेव्हा त्याचे वेगळेपण दर्शविण्यासाठी 'इरॉस' हे पुरुषनाम मुद्दाम योजण्यात आले.

शोधाच्या साधनात बदल झाला तशी नावांची गरजही बदलली. १८९१ च्या डिसेंबरात हायडेलबर्ग येथील माक्स वोल्फ यांनी छायाचित्रणाच्या साहाय्याने प्रथमच एक लघुग्रह शोधला. दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या काचेवर तारे बिंदुरूप उमटतात व लघुग्रह आखूड रेघ ओढून जातो. यामुळे नकाशा व नेत्र यांवर विसंबून केलेल्या शोधापेक्षा हे काम पुष्कळच सुकर झाले. या लघुग्रहाचे नाव 'ब्रूसिया'. दूरदर्शकासाठी दहा हजार डॉलर देणाऱ्या कॅथरिन वोल्फ ब्रूस या अमेरिकन महिलेचे ते स्मारक होय. द्रव्य आणि नाव यांचा संबंध त्याआधीच जडलेला होता. व्हिएन्ना येथील योहान पालिसा यांनी १८८६ च्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसा उभारावा म्हणून २५० व्या लघुग्रहाला नाव देण्याचा हक्क पन्नास पौंडांस देऊ केला. तो बॅरन आल्बर्ट फॉन रोथशिल्ड यांनी घेतला आणि आपल्या पत्नीचे 'बेटिना' हे नाव त्या लघुग्रहाला दिले.

याच बॅरनच्या नावाची गोष्ट मात्र निराळी झाली. १९११ मध्ये पालिसा यांनी शोधलेल्या ७१९ व्या लघुग्रहाला 'आल्बर्ट' हे नाव मिळाले; परंतु वेध थोडे झाल्यामुळे कक्षा पुरेशी निश्चित करता आली नाही आणि लघुग्रह हरवला. तो पुन्हा सापडला तो २००० साली. मधली जवळजवळ नव्वद वर्षे क्रमांक व नाव सूचीत होते, वस्तू मात्र हाती नव्हती. ११२५ क्रमांकाची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. १९२८ मध्ये अमेरिकेतील यर्किस वेधशाळेत अभ्यास करीत असता झांग यूझे या चिनी विद्यार्थ्याने एक लघुग्रह शोधला व त्याला स्वदेशाचे 'चायना' हे नाव दिले. तोही हरवला. १९५७ मध्ये नानकिंगच्या पर्पल माउंटन वेधशाळेत आढळलेल्या दुसऱ्याच एका लघुग्रहाकडे तो क्रमांक व ते नाव संमतीने सोपविण्यात आले. १९८६ मध्ये मूळ लघुग्रह पुन्हा दृष्टीस पडला, तेव्हा त्याला ३७८९ हा नवा क्रमांक आणि 'झोंगगुओ', म्हणजे चिनी भाषेतील चीनचेच नाव, देऊन प्रश्न सोडविण्यात आला.

असे घोटाळे टाळावेत हाच आजच्या पद्धतीचा हेतू आहे. नव्या लघुग्रहाला प्रथम तात्पुरते अभिधान मिळते. उदाहरणार्थ '२००४ एम एन ४' यातील पहिले अक्षर पंधरवडा दाखविते. रोमन वर्णमालेतील 'आय' व 'झेड' वगळून उरलेली चोवीस अक्षरे वर्षाच्या चोवीस अर्धमासांना दिलेली असून 'एम' म्हणजे जूनचा उत्तरार्ध होय. दुसरे अक्षर त्या अर्धमासातील अनुक्रम सांगते. यासाठी 'आय' वगळून पंचवीस अक्षरे योजतात, आणि ती जितक्या वेळा संपली असतील तो आकडा शेवटी जोडतात. 'एन' हे तेरावे अक्षर, चार आवर्तने झालेली. अर्थात ही त्या अर्धमासातील ११३ वी नोंद ठरते. पुढे अनेक प्रतियुतींच्या वेळी, सामान्यतः चार, वेध घेतले गेले व कक्षा निश्चित झाली म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो. पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांची कक्षा याहून लवकर निश्चित होऊ शकते. वरील लघुग्रहाला ९९९४२ हा क्रमांक २००५ मध्येच मिळाला, आणि त्यानंतर 'अपोफिस' हे इजिप्तच्या पुराणातील सर्पराक्षसाचे नाव देण्यात आले.

क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षे नाव सुचविण्याचा पहिला मान शोधकाचा असतो. निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नामकरण-गटाकडे राहतो. नाव सोळा रोमन अक्षरांहून मोठे नसावे, शक्यतो एका शब्दाचे असावे, कोणत्या तरी भाषेत उच्चारता यावे, कोणास दुखविणारे किंवा व्यापारी हेतूचे नसावे, अशा अटी आहेत. १९७१ मध्ये सापडलेल्या २३०९ व्या लघुग्रहाला शोधकाने आपल्या मांजराचे 'मिस्टर स्पॉक' हे नाव दिले. अशी नावे आता पसंत केली जात नाहीत. राजकीय व लष्करी व्यक्तींबाबतचा नियम सर्वांत महत्त्वाचा : मृत्यूनंतर शंभर वर्षे लोटल्यावाचून त्यांचे नाव देता येत नाही. हा नियम आरंभापासून असता तर फर्डिनांड व युजेनी या दोघांनाही दरवाजा बंद झाला असता. काही नावे कक्षेवरूनच ठरतात. गुरूच्या कक्षेतच त्याच्या पुढे व मागे चालणाऱ्या लघुग्रहांना ट्रोजन युद्धातील वीरांची नावे देतात. एक गट ग्रीकांचा, दुसरा ट्रॉयचा. संकेत पक्का होण्यापूर्वी नाव मिळाल्यामुळे हेक्टर ग्रीकांत आणि पॅट्रोक्लस ट्रॉयकरांत अडकून पडले आहेत.

या नामावलीत निरीक्षकाइतकाच गणितकाराचाही मान आहे. त्याचे सर्वांत गोड उदाहरण १२२७ ते १२३४ या क्रमांकांत दडलेले आहे. बर्लिन येथे लघुग्रहांच्या कक्षांचे गणित करणारे गुस्टाव्ह श्ट्राके यांनी आपले नाव कोणत्याही लघुग्रहाला देऊ नये अशी विनंती केली होती. कार्ल राइनमुट यांनी ओळीने आठ लघुग्रहांना जेरेनियम, स्कॅबिओसा, टिलिया, राइसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया व एलिना अशी, एक सोडून सर्व वनस्पतींची, नावे दिली. त्यांची रोमन आद्याक्षरे क्रमाने वाचली असता 'जी. श्ट्राके' हे नाव तयार होते. विनंतीचा शब्द पाळला गेला आणि गौरवही राहिला नाही.

भारताचा या नामावलीशी संबंध पुष्कळ जुना आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांनी ६७ वा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच शोध म्हणून त्यांनी त्याला 'एशिया' हे नाव दिले. सोयीची गोष्ट अशी, की एशिया ही ग्रीक पुराणातील एक सागरकन्याही होती. त्यानंतर मद्रासहून सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) व व्हेरा (१८८५) यांचा शोध लागला. भारताच्या आकाशाखाली सापडलेल्या या पाचांपैकी एकाचेही नाव भारतीय नाही. त्या काळच्या संकेतात ते बसलेही नसते. परंतु संकेत हे एकच कारण नव्हते. वेधशाळेतील साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातील एक रूपविकारी तारा शोधला, मात्र अशा ताऱ्याला नाव देण्याचा अधिकार शोधकाला नसतो. तो तारा 'आर' या अक्षराने ओळखला जातो आणि रघुनाथाचारींचे नाव केवळ इतिहासात राहिले.

विसाव्या शतकात भारतीयांची नावे आली ती प्रथम परदेशी निरीक्षकांच्या सौजन्याने. १९५८ वा लघुग्रह 'चंद्र' सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या, २५९६ वा वेणू बाप्पू यांच्या आणि २९८७ वा विक्रम साराभाई यांच्या गौरवार्थ आहे. हे तिन्ही भारताबाहेर सापडले. ४५३८ व्याचा शोध १९८८ मध्ये जपानात लागला, परंतु तो दीर्घकाळ अनामिक राहिल्यामुळे २०१५ मध्ये बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचे नाव त्याला देता आले. मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य केलेले गायक पंडित जसराज यांचे नाव २०१९ मध्ये एका लघुग्रहाला मिळाले. त्याचा क्रमांक ३००१२८. २८ जानेवारी १९३० ही त्यांची जन्मतारीख उलट्या क्रमाने त्यात वाचता येते.

मधल्या काळात कावलूर येथील वेधशाळेत आर. राजमोहन यांनी ४५ सेंटिमीटर व्यासाच्या श्मिट दूरदर्शकाने लघुग्रहांचा पद्धतशीर शोध हाती घेतला होता. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी, म्हणजे व्हेराच्या शोधानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, त्यांना एक लघुग्रह सापडला. कक्षा निश्चित होऊन त्याला ४१३० हा क्रमांक मिळाल्यावर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी कावलूरहून सापडलेला ८३४८ वा लघुग्रह ज्योतिर्विद जगदीशचंद्र भट्टाचार्य यांच्या नावाने नोंदलेला आहे.