साबुदाणा वाचविणारी चिमुकली माशी

साबुदाणा कशापासून बनतो, हे घरातल्या मुलांना विचारून पाहा. तो कसावा म्हणजेच टॅपिओका या कंदाच्या सत्त्वापासून बनतो. तामिळनाडूतील सेलम हा जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला तो नाश्त्यापुरता. आफ्रिकेत मात्र कोट्यवधी गरिबांचे पोट याच कंदावर भरते.

हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेचे. १९७०च्या दशकाच्या आरंभी तिकडचाच पिठ्या ढेकूण आफ्रिकेत शिरला. रस शोषला गेल्याने शेंडे आखडले, पाने गळाली, कंद पोसेनात. हातावर पोट असणाऱ्या शेतकऱ्याजवळ फवारणीला पैसा कुठला?

नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करणारे स्विस शास्त्रज्ञ डॉ. हान्स हेरेन यांनी विचार केला, की मूळ मुलखात ही कीड माजत नाही, कारण तिथे तिचा शत्रू आहे. तो शत्रू १९८१ साली पॅराग्वेत सापडला. गांधीलमाशीच्या कुळातील, पण जेमतेम मुंगीएवढी ही माशी माणसाला दंश करीत नाही. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते आणि वाळलेल्या कवचातून नवी माशी बाहेर पडते.

परका कीटक आणून सोडणे जोखमीचे असते. तो दुसऱ्याच उपयोगी जिवांवर उलटला तर? म्हणून या माश्यांची आधी लंडनमध्ये बंदिस्त जागेत तपासणी झाली. पुढे त्या आफ्रिकेतील विसाहून अधिक देशांत पसरल्या. शेतकऱ्याला एक पैसाही पडला नाही. १९९५ मध्ये डॉ. हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

हीच कीड २०२० मध्ये केरळातील त्रिशूर येथे आढळली व पुढे तामिळनाडूत पसरली. तेव्हा बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने हीच माशी आफ्रिकेतील बेनिन देशातून आणली आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येथापूर येथे ती सोडण्यास सुरुवात झाली.

आपल्याकडे उसाच्या खोडकिडीसाठी बांधतात त्या ट्रायकोकार्डमध्येही अशीच एक माशी असते. गावाकडे कुणी ती वापरत असेल तर एवढे जरूर सांगा, की कार्ड बांधल्यावर लगेच जहाल औषध फवारू नका. त्याने किडीबरोबर आपला मित्रही मरतो.