साथरोगातील संपर्क-शोध आणि व्यक्तीचा खाजगीपणा : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

साथीच्या रोगास आळा घालताना शासनयंत्रणेस दोन कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावी लागतात. रुग्ण कोणाकोणाच्या सहवासात आला याचा शोध त्वरेने घ्यावा लागतो. त्याचबरोबर ज्या व्यक्तीची माहिती घेतली जाते तिची प्रतिष्ठा व तिचा खाजगीपणाही जपावा लागतो. ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी आहेत, एकाचे पारडे जड झाले की दुसऱ्याचे हलके होणारच, असा सर्वसाधारण समज आहे. कोव्हिड-१९ च्या काळात, म्हणजे २०२० ते २०२२ या वर्षांत, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत जे घडले त्याच्या आधारे या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. खाजगीपणाचे रक्षण हा संपर्क-शोधातील अडथळा नसून त्याच्या यशाची पूर्वअट आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संपर्क-शोध : स्वरूप व कार्यपद्धती

संपर्क-शोध म्हणजे बाधित व्यक्तीच्या सहवासात आलेल्या व्यक्ती शोधणे, त्यांना धोक्याची सूचना देणे, त्यांची चाचणी करणे आणि ठरावीक काळ त्यांना इतरांपासून वेगळे ठेवणे होय. कोव्हिडच्या बाबतीत लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनचे संपर्क विचारात घेतले जात. एकाच घरात राहणारे, रुग्णाची शुश्रूषा करणारे किंवा जवळून व दीर्घकाळ सहवासात आलेले ते 'अतिजोखमीचे' आणि उर्वरित 'कमी जोखमीचे' अशी विभागणी केली जाई. महानगरपालिकेच्या २४ विभागांत जून २०२० पासून विभागनिहाय वॉर रूम सुरू झाल्या. चाचणीचे अहवाल तेथे येत आणि तेथूनच रुग्णांशी संपर्क साधला जाई.

या कार्यपद्धतीतील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, संपर्कांची यादी रुग्णाच्या सांगण्यातून तयार होते. तो काय आठवतो आणि काय सांगू इच्छितो यावर यादीची पूर्णता अवलंबून असते. दुसरी अशी की, सहवासात आलेल्या व्यक्तीस सावध करण्यासाठी रुग्णाचे नाव सांगण्याची गरज नसते. 'अमुक दिवशी आपण बाधित व्यक्तीच्या सहवासात होता' एवढी सूचना पुरेशी असते. कित्येकदा ऐकणारा नावाचा अंदाज बांधतो हे खरे. तथापि अंदाज बांधला जाणे आणि यंत्रणेने नाव जाहीर करणे यांत मूलभूत भेद आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८९६ ची प्लेगची साथ

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने शासनास प्रवाशांची तपासणी करण्याचे, संशयितांना वेगळे ठेवण्याचे आणि आवश्यक ते विशेष उपाय योजण्याचे व्यापक अधिकार दिले. प्रशासनाच्या वतीने सद्भावनेने केलेल्या कृतीस कायद्याचे संरक्षणही दिले. मात्र ज्याच्या घरात शिरून तपासणी करावयाची त्या माणसाच्या हक्कांविषयी हा कायदा काहीही बोलत नाही.

त्याचे परिणाम लवकरच दिसून आले. पुण्यात सैनिकांकरवी घरोघरी झालेल्या झडत्यांमुळे असंतोष पसरला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुंबईत मार्च १८९८ मध्ये तपासणी पथकाच्या आग्रहावरून दंगल उसळली. यापेक्षाही गंभीर परिणाम दृष्टीआड घडत होता. घरातील रुग्ण आणि प्रसंगी मृत्यूही लपविण्याकडे लोकांचा कल झाला. सक्तीने जी माहिती मिळवावयाची तीच सक्तीमुळे दडविली गेली. पुढे प्रशासनाला सक्ती शिथिल करून निरनिराळ्या समाजांच्या स्वतंत्र रुग्णालयांना वाव द्यावा लागला. भीती वाढली की माहिती आटते, हा या साथीने दिलेला धडा होय.

उपनगरांतील कोव्हिड-काळाचा अनुभव

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच अधिनियम लागू करून त्याखाली नियम करण्यात आले. त्याच महिन्यात गृह-विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. काही दिवसांतच असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना सहप्रवाशांच्या निदर्शनास आल्यावर पालघर येथे रेल्वेगाडीतून उतरविण्यात आले. शिक्क्याचा उद्देश साध्य झाला, असे यावर म्हणता येईल. परंतु जी माहिती आरोग्य अधिकाऱ्यापुरती असावयास हवी होती ती या पद्धतीत शरीरावरच लिहिली गेली आणि तिचे वाचन कोणी करावे यावर कोणाचेच नियंत्रण राहिले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

उपनगरांतील वस्तीचे स्वरूप या प्रश्नास आणखी एक परिमाण देते. एकाच विभागात एका बाजूस गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूस चाळी व झोपडवस्त्या आहेत. सदनिकेत राहणाऱ्या लक्षणविरहित रुग्णास स्वतंत्र खोलीत गृह-विलगीकरण शक्य होते. सामायिक शौचालय वापरणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबास संस्थात्मक विलगीकरण केंद्रात जावे लागे. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली की संपूर्ण वस्तीस वार्ता कळे. म्हणजेच एकाच नियमाची अंमलबजावणी होत असताना खाजगीपणाची किंमत मात्र दोन वस्त्यांतील लोकांनी निरनिराळी मोजली.

उदाहरणादाखल चार सदनिकांत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीचा विचार करावा. ती बाधित ठरली आणि तिने चारही घरे सांगितली तर रोगनियंत्रणास मोठे साहाय्य होते. परंतु तिचे नाव सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचले तर चारही कामे जाण्याची भीती असते. अशा स्थितीत तिने दोनच घरे सांगितली तर तो केवळ बेजबाबदारपणा म्हणता येणार नाही. शोधाच्या साखळीतील जो दुवा निसटला तो नाव फुटण्याच्या भीतीने निसटला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ एप्रिल २०२० रोजीच बाधितांची नावे वा ओळख समाजमाध्यमांवर पसरवू नयेत अशी सूचना केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी, सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज बाधितांच्या घरांवर फलक लावू नयेत असे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयासमोरही जुलै २०२० मध्ये बाधितांची नावे जाहीर करावीत अशी मागणी करणारी याचिका आली असता रुग्णांच्या खाजगीपणाच्या हक्काचा प्रश्न न्यायालयाने उपस्थित केला. या घटनांवरून नावे उघड करण्याचा सामाजिक दबाव किती होता हे ध्यानात येते.

याउलट माहिती रुग्णापासूनच दूर राहण्याचा प्रसंगही घडला. जून २०२० मध्ये महानगरपालिकेने प्रयोगशाळांना बाधितांचे अहवाल प्रथम पालिकेकडेच देण्याचा आदेश दिला. लक्षणे नसलेले रुग्ण अहवाल हाती येताच खाटेसाठी धावतात, हे त्यामागील कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अहवाल रुग्ण व नातेवाइकांना मिळावयास हवा असे मत व्यक्त केले. खाजगीपणा म्हणजे केवळ माहिती दडविणे नव्हे; स्वतःच्या माहितीवर स्वतःचा अधिकार असणे होय, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

नावाविना मिळणारे ज्ञान

साथीविषयीचे सर्वच ज्ञान नावांवर अवलंबून नसते. जुलै २०२० मध्ये महानगरपालिकेने नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या सहकार्याने तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांचे सर्वेक्षण केले. त्यांत दहिसरचा आर उत्तर विभाग होता. एकूण ६,९३६ नमुन्यांच्या तपासणीत झोपडवस्त्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी मुंबईतील नोंदलेले रुग्ण सुमारे १ लाख १० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १ टक्क्याहूनही कमी होते. संसर्ग नोंदींच्या कितीतरी पुढे गेला होता, हे सत्य कोणाचेही नाव जाहीर न करता हाती आले. नाव कोठे आवश्यक आहे आणि कोठे नाही याचा विवेक करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

भ्रमणध्वनीवर आधारित शोध

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'आरोग्य सेतु' हे उपयोजन सुरू केले. ब्लूटूथच्या साहाय्याने जवळ आलेल्या भ्रमणध्वनींची नोंद करणे आणि स्थाननिर्देशाची माहिती घेणे असे त्याचे दुहेरी स्वरूप होते. १ मे २०२० च्या आदेशाने कर्मचाऱ्यांसाठी ते सक्तीचे झाले. १७ मे रोजी ही सक्ती सौम्य करण्यात आली. ११ मे २०२० च्या कार्यप्रणालीने माहिती राखण्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे १८० दिवस ठरविली. मात्र या कार्यप्रणालीस संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान नव्हते. पुढे उपयोजनातील संपर्क-शोधाची सोय बंद करण्यात आली.

इतर देशांचा अनुभवही बोधप्रद आहे. सिंगापूरमध्ये 'ट्रेसटुगेदर'ची माहिती केवळ संपर्क-शोधासाठी आहे असे नागरिकांना सांगण्यात आले होते. जानेवारी २०२१ मध्ये ती पोलिसांनाही मिळू शकते हे उघड झाले आणि फेब्रुवारीत कायदा करून तिचा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता सीमित करावा लागला. दक्षिण कोरियात मे २०२० मध्ये सेऊलच्या इतेवॉन भागातील संसर्गानंतर लोक चाचणीस पुढे येईनात, तेव्हा नाव न विचारता चाचणी करण्याची सोय करण्यात आली. जर्मनीच्या उपयोजनाने संपर्कांची नोंद मध्यवर्ती संगणकावर न ठेवता ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीतच ठेवली.

कायद्याची चौकट

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार, न्याय्य उद्दिष्ट आणि उद्दिष्टाच्या प्रमाणात असलेले उपाय या तीन कसोट्या पूर्ण व्हाव्यात असे त्यातून निष्पन्न होते. साथरोगाच्या अभ्यासासाठी रुग्णालयांतील माहिती वापरता येईल, मात्र व्यक्तीची ओळख उघड होऊ नये, असा विचारही त्या निकालात आढळतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये अंकित वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. साथरोगाच्या काळात आरोग्यसेवा पुरविण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्यास तो मुभा देतो. तसेच तो अंकित स्वरूपातील माहितीसच लागू होतो. परिणामी सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील वहीत लिहिलेली नावे, दूरध्वनी क्रमांक व शरीराचे तापमान त्याच्या कक्षेबाहेर राहते. उलट एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने संसर्गाविषयीची गोपनीयता हा स्पष्ट नियम केला असून जोडीदारास सूचना देण्यासारखे अपवाद अटींनी बांधले आहेत. संपर्कांना सावध करणे आणि गोपनीयता राखणे एकाच कायद्यात शक्य आहे, याचा हा भारतीय पुरावाच होय.

समतोलाचे निकष

वरील विवेचनावरून पुढील निकष मांडता येतात.

१. माहिती ज्या प्रयोजनासाठी घेतली त्याच प्रयोजनासाठी वापरावी. पोलीस तपास, नोकरी किंवा सोसायटीचा प्रवेश यांसाठी नव्हे.
२. नाव पाहण्याचा अधिकार नेमक्या अधिकाऱ्यांपुरता असावा आणि ते कोणी व केव्हा पाहिले याची नोंद राहावी.
३. माहिती नष्ट करण्याची तारीख ती गोळा करतानाच ठरलेली असावी.
४. विलगीकरणात जाणाऱ्याच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई व्हावी; अन्यथा सत्य सांगणे गरिबास परवडत नाही.
५. नाव फुटल्यास दाद मागण्याची सुलभ सोय विभाग पातळीवर असावी.

महाविद्यालयांची जबाबदारी

या प्रश्नापासून महाविद्यालयेही अलिप्त नाहीत. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली, तेव्हा लसीकरणाची प्रमाणपत्रे तपासण्याचे काम महाविद्यालयांकडे आले. कोठे त्यांच्या छायाप्रती कार्यालयात जमा झाल्या, कोठे वर्गशिक्षकांच्या भ्रमणध्वनीवर. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोव्हिडविषयक जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याबरोबर या कागदांचे प्रयोजनही संपले. ते कपाटात व भ्रमणध्वनीत आजही पडून आहेत काय, याची तपासणी करून ते रीतसर नष्ट करणे प्रत्येक महाविद्यालयास शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

समारोप :

१८९६ चा प्लेग आणि २०२० चा कोव्हिड यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. मात्र दोन्ही वेळा मूळ कायदा एकच होता. त्या कायद्याने अधिकार दिले, पण माहिती देणाऱ्यास आश्वासन दिले नाही. संपर्क-शोध शेवटी रुग्णाच्या शब्दावर उभा असतो आणि हा शब्द विश्वासाशिवाय मिळत नाही. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती येण्यापूर्वी, शांत काळातच, नाव कोणाकडे जाईल, कशासाठी वापरले जाईल आणि केव्हा पुसले जाईल या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात लिहिली गेली पाहिजेत. असे झाले तरच चार घरी काम करणारी स्त्री चारही घरे सांगेल, आणि त्या चार घरांचेही रक्षण होईल.