मिंट रोडवरची सहा मतं

वेळापत्रकात नसताना मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बोलणार म्हटलं की बाजाराच्या पोटात गोळा येतो. ४ मे २०२२ च्या दुपारी तसंच झालं. पतधोरण समितीची पुढची बैठक जूनमध्ये होती. पण तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी जाहीर केलं की समितीची बैठक मध्येच झाली असून रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला आहे. एलआयसीच्या समभाग विक्रीचा तो पहिलाच दिवस. सेन्सेक्स १,३०० अंशांहून जास्त कोसळला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत हा दर ६.५० टक्क्यांवर जाऊन पोचला आणि पुढे दोन वर्षं तिथून हलला नाही.

हा दर ठरवतं कोण? २०१६ पर्यंत उत्तर सोपं होतं : गव्हर्नर. २००५ पासून सल्ला द्यायला एक तांत्रिक समिती असे, पण तिचं ऐकलंच पाहिजे असं बंधन नव्हतं. त्यामुळे श्रेय आणि शिव्या दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येत. ऑक्टोबर २०१२ मध्ये डी. सुब्बाराव यांनी व्याजदर उतरवायला नकार दिला, तेव्हा विकासाच्या वाटेवर सरकारला एकट्याने चालावं लागलं तर ते एकट्याने चालेल, असं अर्थमंत्री चिदंबरम यांनी जाहीरपणे सुनावलं होतं.

जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीने हा एकखांबी तंबू मोडायचा सल्ला दिला. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या समितीची पहिली बैठक भरली. तोवर पटेल स्वतःच गव्हर्नर झाले होते. समितीत सहा जण : गव्हर्नर, पतधोरण सांभाळणारे डेप्युटी गव्हर्नर, बँकेचा एक अधिकारी आणि सरकारने नेमलेले तीन बाहेरचे सदस्य. बाहेरच्यांची मुदत चार वर्षं; पुन्हा नेमणूक नाही. ही अट शहाणपणाची आहे, कारण ज्याला पुन्हा खुर्ची मिळणार नाही त्याला कोणाचं मन राखायची गरज उरत नाही. तीन-तीन मतं पडली तर गव्हर्नरांचं निर्णायक मत. समितीपुढचं लक्ष्यही ठरलेलं : किरकोळ महागाई ४ टक्के, दोन टक्के वर-खाली चालेल. हे लक्ष्य सरकार ठरवतं, समिती नाही.

वर्षाला किमान चार बैठका घ्याव्यात असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सहा होतात, सहसा तीन-तीन दिवसांच्या. सदस्यांसमोर बँकेचे महागाईचे आणि विकासदराचे अंदाज असतात, कारखानदारांच्या आणि ग्राहकांच्या पाहण्या असतात. त्यातली एक मोठी गमतीची आहे. मुंबई-नागपूरसह देशातल्या शहरांतल्या कुटुंबांना विचारलं जातं की तीन महिन्यांनी आणि वर्षाने महागाई किती असेल. लोकांचं उत्तर सरकारी आकड्याच्या बरंच वर असतं. समितीला त्या आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची वाटते, कारण भाव चढणारच असं लोकांनी धरून चाललं की पगाराच्या मागण्या आणि दुकानातले दर आपोआप चढायला लागतात.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नरांचं थेट भाषण, दुपारी पत्रकार परिषद. खरा ऐवज मात्र चौदाव्या दिवशी बाहेर येतो. त्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं आणि त्यात कोणी कसं मत दिलं, का दिलं, हे नावानिशी छापलेलं असतं. आपल्याकडे मोठ्या पदांवरची माणसं मतभेद सहसा कागदावर ठेवत नाहीत. इथे कायद्यानेच ते ठेवावे लागतात.

आणि मतभेद होतातही. सुरुवातीच्या बैठका एकमताने पार पडल्या, मग जून २०१७ मध्ये बाहेरचे सदस्य रवींद्र ढोलकियांनी अर्धा टक्का कपातीचा आग्रह धरला आणि ते एकटे पडले. त्याच बैठकीआधी अर्थ मंत्रालयाने सदस्यांना भेटायला बोलावलं होतं. सगळ्यांनी नकार दिला, हे पटेल यांनी पत्रकारांना सांगितलं. ऑगस्ट २०१९ मध्ये दर एकदम ०.३५ टक्क्याने उतरला. पाव किंवा अर्धा टक्का एवढीच मापं माहीत असलेला बाजार चक्रावला. पाव टक्का अपुरा आणि अर्धा जास्त ठरला असता, असा दास यांचा खुलासा होता. चेतन घाटे आणि पमी दुआ पाव टक्क्यावरच ठाम राहिले. २०२४ च्या फेब्रुवारीत जयंत वर्मा एकटेच कपात मागत होते. जूनमध्ये आशिमा गोयल त्यांच्या बाजूला आल्या. कपात प्रत्यक्षात झाली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, तोवर या दोघांची मुदत संपली होती.

ही मतं ज्या दरासाठी पडतात तो रेपो म्हणजे बँका सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीसाठी पैसे उचलतात, त्यावरचा दर. पूर्वी हा दर उतरला तरी बँका कर्जं स्वस्त करायला महिनोन्‌महिने लावत. ऑक्टोबर २०१९ पासून नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं बंधनकारक झालं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलणं भाग पडलं. ५० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांवरून सव्वाआठवर आलं तर हप्ता सुमारे ७९० रुपयांनी उतरतो. मुदत ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्या आजोबांच्या पदरात मात्र तेवढंच कमी पडतं. पेपरात कर्जदारांना दिलासा मिळाल्याची बातमी ठळक असते, ठेवीदारांची कुठे तरी आत.

या सगळ्या यंत्रणेची एक मर्यादा नाशिककरांना वेगळी सांगायला नको. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ महागाई निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडले आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. रेपो वाढवून टोमॅटोचं पीक वाढत नाही, की लासलगावला कांद्याची आवक वाढत नाही. समितीने तेव्हा दर तसाच ठेवला, भाजी उतरेल या भरवशावर, आणि पुढच्या महिन्यांत ती उतरलीही. पण धान्य-भाजीची महागाई लांबली तर ती मजुरीत आणि भाड्यात झिरपते, म्हणून तिच्याकडे काणाडोळाही करता येत नाही. कुठवर थांबायचं, याचं सूत्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही; सहा माणसं मत देतात ती त्यासाठीच.

लक्ष्य सलग तीन तिमाही चुकलं तर कारणं आणि उपाय सांगणारं पत्र सरकारला लिहावं लागतं. २०२२ मध्ये पहिल्या तिन्ही तिमाहींत महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली, म्हणून ३ नोव्हेंबरला खास बैठक घेऊन असं पहिलं पत्र तयार झालं. इंग्लंडमध्ये अशी पत्रं उघडी असतात. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर ती अर्थमंत्र्यांना लिहितात आणि कोणीही वाचू शकतं. आपल्याकडचं पत्र सरकारने प्रसिद्ध केलं नाही. जी समिती प्रत्येक सदस्याचं मत चौदाव्या दिवशी छापते, तिच्या अपयशाचा खुलासा दप्तरात बंद राहावा हे विसंगत आहे. संसदेने कायद्यात एका ओळीची भर घालावी आणि ही पत्रं खुली करावीत.